मी पिवळा केलेला चेहरा

माझी नोकरी तपासणी खात्यातली. सरकारी कारखान्यात येणारे सुटे भाग हातात घ्यायचे आणि त्यांतली खोट शोधायची. एखाद्या भागात खोट सापडली नाही तर मला बरं वाटत नाही. वाटतं, आपल्याला दिसलीच नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. ही सवय घरी आणली आणि तिनं काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

जयनगरच्या घरी रविवारी दुपारी मी कानडी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वधूवर यादीतले फोटो सुधारून द्यायचो. कॅमेऱ्याचा नाद होता, त्यापायी कॉम्प्युटरवर एक साधं सॉफ्टवेअर शिकलो होतो. त्यात कर्व्ह म्हणून एक चौकट असते. चौकटीत डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे गेलेली तिरकी रेघ. डावीकडे फोटोतला काळोख, उजवीकडे उजेड, आणि मधल्या भागात बहुतेक माणसांचे चेहरे. रेघ मध्येच धरून जराशी वर उचलली की चेहरा उजळतो. मुलींच्या आया फोन करायच्या, "स्वल्प उजळ करा हं. पण केलंय असं कळायला नको." मी इथल्या सवयीनं 'सरी', म्हणजे बरं, म्हणायचो आणि करायचो. माझा हात हलका होता. कुणाला कधी कळलं नाही.

ताईची मुलगी सावळी. तिचा फोटो यादीत द्यायची वेळ आली तेव्हा तिनं मला बजावलं होतं, "मामा, माझ्या फोटोला हात लावायचा नाही. आहे तसा पाठव."

मी बरं म्हटलं, आणि हात लावला. ताईनं सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. माझं मलाच वाटलं, एवढ्यानं काय होतंय.

महिनाभरात स्थळ आलं. मुलगा धारवाडकडच्या मराठी घरातला, नोकरीला इथेच महादेवपुऱ्यात. दोन्हीकडची पसंती झाली, मुलंही फोनवर बोलायला लागली. आठवडाभर नोकरीपाशी राहणारी भाची शनिवारी येलहंकाला ताईकडे आली की गच्चीवर जाऊन तासभर बोलते, असं ताई हसून सांगायची. समोरासमोर बघण्याचा रविवार ठरला आणि माझी झोप उडाली. ती मंडळी घरात येणार, मुलीकडे बघणार, मग फोटोकडे बघणार आणि विचारणार, हा कुणी काढला? ताई माझ्याकडे बोट दाखवणार.

त्या आठवड्यात मी मुलाचा फोटो पुन्हा उघडला. कशासाठी उघडला हे आता मला माहीत आहे, तेव्हा मान्य नव्हतं. कुठल्याशा समारंभातला फोटो. पांढरा शर्ट, मागे झेंडूच्या माळा. नीट बघितलं तर झेंडू फिकट, जवळजवळ लिंबाच्या सालीसारखा. कॉलरखालच्या सावलीत निळसर झाक. मी ताठ बसलो. कुणीतरी या फोटोतला निळा वर उचलला होता. त्याच चौकटीत लाल, हिरवा आणि निळा अशा तिन्ही रंगांच्या वेगळ्या रेघा असतात. निळी रेघ वर नेली की पिवळा मरतो. मग प्रश्न असा, की यांना कुठला पिवळा मारायचा होता?

मी निळी रेघ खाली ओढली. सावलीतली झाक गेली, आणखी ओढली तसा झेंडू झेंडूसारखा झाला. आणि चेहरा पिवळा झाला, डोळ्यांतली बुबुळांभोवतीची पांढरी जागासुद्धा. आमचे वडील, अण्णा, काविळीनं गेले. शेवटच्या महिन्यात त्यांचे डोळे असेच होते.

शर्टही पिवळा झाला होता. हे मला दिसलं. शर्टाला कावीळ होत नाही, एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो. मी फोटो गळ्यापर्यंत कापला, शर्ट काढून टाकला, आणि तो उरलेला चेहरा ताईला पाठवला.

दहा मिनिटांत तिचा फोन. "अरे, हे तर अण्णांचे डोळे!"

"ताई, मी काही म्हणत नाही. खरा रंग आहे तेवढा दाखवला."

"लपवलं होय रे त्यांनी?"

"तूच बघ आता."

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, मी त्याच्याशी बोलते रोज. चांगला धडधाकट आहे. तू म्हणतोस ते नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

आमच्याकडे मुलाच्या आजाराची वाच्यता करत नाहीत, त्याचं पुढं जमायला अडचण होते. म्हणून मुलीची पसंती नाही असं कळवायचं ठरलं. आणि ते भाचीनं स्वतःच त्याला सांगावं, म्हणजे पुन्हा विचारणा होणार नाही. तिनं सांगितलं. तो रविवार टळला, मी सुटलो.

पुढची दोन स्थळं तिनं खरोखरच नाकारली, तिसऱ्याचा फोटोही बघितला नाही. मंडळात बायका बोलायला लागल्या की ताईची मुलगी फार नखरेल आहे. ताईसुद्धा तिला टोचायची, "एकाला तरी हो म्हण. राजपुत्र येणारेय का?" मी समोर बसून चहा पीत असायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, भाचीला कळलंय आणि ती मुद्दाम गप्प आहे. ती माझ्याकडे बघायची तेव्हा मी तिची नजर तपासायचो, तिच्यात खोट शोधायचो.

गेल्या दसऱ्याला मंडळाच्या कार्यक्रमात फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. वर पिवळ्या कापडाचा मांडव. घरी येऊन फोटो उघडले तर सगळेच पिवळे: मी, ताई, मंडळाचे अध्यक्ष. नेहमीसारखी निळी रेघ वर उचलली. चेहरे माणसांत आले. झेंडू फिकटला. कॉलरींच्या सावलीत निळसर झाक आली. मी माउसवरचा हात काढून घेतला. त्या मुलाचा फोटो असाच कुठल्यातरी पिवळ्या कापडाखाली काढलेला होता आणि कुणा साध्या माणसानं तो सरळ केला होता, एवढंच.

पुढच्या शनिवारी येलहंकाला गेलो. ताई स्वयंपाकघरात होती, भाची बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"तो मुलगा आजारी नव्हता. मी त्याला पिवळा केला."

"म्हणजे?"

मांडवाचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. शर्ट कापल्याचंही सांगितलं. तिनं मध्ये अडवलं नाही. सगळं ऐकून म्हणाली, "पण का?"

"तुझा फोटो मी उजळ केला होता. ते लोक आले की उघडं पडलं असतं."

"ते त्याला आधीच माहीत होतं." ती हसली, पण हसू चांगलं नव्हतं. "पहिल्यांदा व्हिडिओवर बोललो तेव्हाच म्हणाला, तुमच्या फोटोग्राफरनं तुम्हाला पीठ लावलं होतं का? मी म्हटलं, मामा आहे माझा, प्रेमानं लावलं असेल."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो.

"दाखव कसं करतात ते," तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी चौकट उघडून दिली. तिनं स्वतःचा परवाचा फोटो घेतला, निळी रेघ धरली आणि खाली ओढत गेली. चेहरा पिवळा झाला, डोळे पिवळे झाले.

"झाली मला कावीळ," ती म्हणाली. "सोपं आहे की." मग लॅपटॉप मिटला. "त्याचं लग्न झालं, मामा. तिकडे काही करायचं राहिलेलं नाही. पण आईला हे तू सांगायचंस. आत्ता. मी इथे बसून ऐकणार."

मी आत गेलो. ताई पोळ्या लाटत होती. "थांबतोयस ना जेवायला?" तिनं विचारलं.

"ताई, गॅस बंद कर जरा."

मी सगळं सांगितलं. शर्ट कापल्याचं वाक्य गाळावं असं मध्येच वाटलं, पण बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तेही बोललो. ताई लाटणं हातात धरून उभी होती.

"म्हणजे तो बरा होता?"

"हो."

"आणि मी तिला राजपुत्र राजपुत्र म्हणत..." ती पिठाचे हात न धुताच बाहेर गेली. मी स्वयंपाकघरातच राहिलो. ताई काहीतरी हळू बोलली, ते ऐकू आलं नाही. भाचीचा आवाज आला, "नको आई, आत चल." मग खोलीचं दार लागलं.

बराच वेळ कुणी मला हाक मारली नाही. मी गॅस पेटवून ताईनं लाटलेली पोळी भाजली, उरलेली कणीक झाकून ठेवली आणि चपला घालून निघालो.