घण आणि मुडदे

पोळ्याच्या आधीच्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास माझा योद्धा मेला. तो मी दोन वर्षं वाढवला होता. मारणारा सांगाडा कागदावरचा होता. मरण घडवून आणणारा माझ्या शेजारी बसला होता.

कारंजात आम्ही चौघे दर रविवारी आमच्यातल्याच एका शिक्षकाच्या घरी फासे आणि कागद घेऊन खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, संकटं आणतो. बाकीचे तिघे आपापले योद्धे लढवतात. ज्याचा योद्धा मेला त्याने पुढच्या रविवारी खेळ चालवायचा, हा आमचा नियम. नाहीतर तो नुसता बसून राहतो.

त्या दिवशी भुयारात दोन हत्यारं सापडली. हार्डवेअरचं दुकान असलेल्या मित्राने घण उचलला. "तलवार तू घे बे, तुले शोभते," तो म्हणाला. पुढच्या दालनात सांगाडे उठले. तलवारीची इजा निम्मीच लागली. पातं बरगड्यांमधून निघून जातं. हाडं फोडायला जड हत्यार लागतं. तो हे आधीच वाचून आला होता.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं कुठं? मेला थो मेला. चाय सांग."

नियमांचं पुस्तक मी घरी नेलं. मेलेल्यांचा अध्याय आठवडाभर वाचला. मला त्याचा योद्धा मरायला हवा होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

पुढच्या रविवारी मी सांगितलं : दार उघडलं, कुजका वास आला, आत पावलं वाजताहेत.

"हाडंच असतीन," तो म्हणाला. शिक्षकांनी आपली जादा कुऱ्हाड त्याला देऊ केली.

"राहू द्या गुरुजी. घणापुढं काय टिकते!"

आत तीन मुडदे होते. सडलेल्या मांसात घण रुततो, इजा निम्मी होते. मुडद्याला कापावं लागतं. दोन घाव वाया गेल्यावर त्याचा आवाज उतरला.

"गुरुजी, द्या ते कुराड."

"हत्यार बदलाले एक पाळी जाते," मी म्हणालो.

"एवढं काय ताणून राह्यला बे?"

मी पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं आणि मुडद्याच्या घावासाठी वीस बाजूंचा फासा सगळ्यांदेखत टाकला. अठरा पडले, घाव वर्मी बसला. मेलेला योद्धा त्याने तीन वर्षं वाढवला होता.

त्याने योद्ध्याचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. येत्या रविवारी खेळ तो चालवणार आहे. जाताना पुस्तक तो घेऊन गेला.