अकरा नंबरची बस रिकामी नव्हती

४ जून १९९१ रोजी मिनेसोटाच्या राज्यपालांनी अमेरिकेतल्या पहिल्या चार्टर शाळा कायद्यावर सही केली. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा आणि फी शून्य, असा हा प्रकार. त्या दिवशी ओहायोच्या आग्नेय टेकड्यांतली ओपल सायझमोर काय करत होती याची कुठेही नोंद नाही. कायदा करणाऱ्यांना ओपल ठाऊक असल्याचाही पुरावा नाही. दोन्ही पक्षांची गाठ पडायला पंचवीस वर्षं जावी लागली.

२०१६च्या उन्हाळ्यात ओपल एकोणसाठ वर्षांची होती. बावीस वर्षं ती तालुक्याच्या सरकारी हायस्कुलाची अकरा नंबरची पिवळी बस चालवत होती. सकाळची फेरी संपली की बस शाळेच्या आवारात उभी करायची, दुपारपर्यंत शाळेच्याच स्वयंपाकघरात घेवडा शिजवायचा आणि तीनला पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं, असा तिचा दिवस असे. घरात तिच्याखेरीज एकच माणूस होतं, नात मार्ली. व्यायामाचे मास्तर दोरीवर चढा म्हणाले, तेव्हा मार्ली म्हणाली, "आधी तुम्ही चढून दाखवा." मास्तरांचा घेर पाहता मागणी रास्त होती. शिक्षा तीन दिवसांची झाली, आणि चौथ्या दिवशी मार्लीनं सरकारी शाळा सोडली.

'लँटर्न ऑनलाइन अकॅडमी'चं पत्रक टपालानं आलंच होतं. चार्टर शाळा, सगळं शिक्षण घरबसल्या, लॅपटॉप फुकट.

"मॅमॉ, बसची कटकटच मिटली," मार्ली आजीला म्हणाली.

"ज्या शाळेला बस लागत नाही ती शाळा कसली गं? उद्या दवाखानाही टपालानं मागवशील."

ओपलच्या संशयाला आधार होता. तिच्या नणंदेची मुलगी कोलंबसच्या एका चार्टर शाळेत व्हायोलिन आणि कॅल्क्युलस दोन्ही शिकत होती. शेजारच्या गावातली चार्टर शाळा मात्र बंद पडलेल्या गाद्यांच्या दुकानात सुरू झाली आणि नाताळपर्यंतच टिकली. कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच जातीच्या.

लॅपटॉप आला, पण दरीतल्या त्या घरात इंटरनेट येत नव्हतं. ते मिळायचं फक्त सरकारी हायस्कुलाच्या वाचनालयाच्या भिंतीलगत, म्हणजे नेमकं अकरा नंबरची बस दिवसभर उभी राही तिथे. त्यामुळे मार्ली रोज पहाटे उठून सोडलेल्या शाळेच्या बसनं सोडलेल्या शाळेत जाऊ लागली. बाकीची पोरं उतरत, ती उजवीकडच्या चौथ्या बाकावर बसून राही. हिवाळ्यात आजोबांचं शिकारीचं जाकीट घालून. दुपारी आजी चौकोनी पिझ्झा नाहीतर घेवडा आणि मक्याचा पाव आणून देई.

शाळेचं म्हणाल तर रसायनशास्त्राच्या मिसेस ओर्टेगा टोलेडोहून स्वतः पडद्यावर येत आणि व्हिनेगर, सोडा, लाल कोबी यांवर तासभर रंगत. इतिहासाच्या मास्तरांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. मार्लीनं एकदा यादवी युद्धावरच्या निबंधाऐवजी मक्याच्या पावाची कृती पाठवली. ब्याण्णव गुण आले, वर शेरा, 'सखोल विचार!'

"ब्याण्णव?" ओपल म्हणाली. "आठ कशाचे कापले? मीठ विसरलीस का?"

या बसचालकांचा एक रिवाज आहे. पोरं उतरली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, कुणी झोपलेलं नाही ना ते पाहायचं, मागच्या काचेला 'रिकामी' अशी पाटी लावायची आणि दिवसाच्या तक्त्यावर तशी खूण करायची. मार्ली आत असताना ती पाटी लावणं म्हणजे धडधडीत खोटं, आणि ओपलनं उभ्या नोकरीत तक्त्यावर खोटं लिहिलं नव्हतं. तिनं रोज लिहिलं: 'रिकामी नाही. मार्ली सायझमोर, ७:४१ ते २:४८, ऑनलाइन शाळा.' परवानगी मात्र तिनं कुणाचीच घेतली नव्हती. असे तक्ते झाले एकशे एकवीस. प्रत्येकाखाली वाहतूकप्रमुख बर्ल टॅकेटची सही आहे.

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी लँटर्न बंद झाली. दोन ओळींचा ईमेल आला. सोमवारी फोन लागेना, मंगळवारी संकेतस्थळही गेलं. गुण, हजेरी, सगळं त्यासोबत गेलं. मार्लीचं बारावीचं वर्ष होतं. व्यावसायिक केंद्राच्या नर्सिंग वर्गात तिची जागा ठरली होती, पण बारावी पुरी असेल तरच. सरकारी शाळेच्या समुपदेशक मिसेस फेंटन यांचं म्हणणं सरळ होतं: हजेरीचा पुरावा आणा, परीक्षेला बसवते, नाहीतर वर्ष पुन्हा.

ओपलनं बसच्या गॅरेजमधल्या कपाटातून तक्त्यांचं खोकं काढलं. बर्ल दारातच आडवा आला.

"अगं बये, डोकं फिरलंय का तुझं? दुसऱ्या शाळेची पोर सात महिने सरकारी बसमध्ये! हे दाखवलंस तर तू घरी, आणि मीही घरी."

"सह्या तुझ्याच आहेत, बर्ल."

"मी काय वाचून सह्या करतो?"

"मग तसं सांग त्यांना."

"ओपल, निवृत्तीला तुझी तीन वर्षं राहिलीत."

"पोरीचं अख्खं वर्ष जातंय. सरक."

मिसेस फेंटन यांनी तक्ते एकेक करून पाहिले, मोजलेही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मिसेस सायझमोर, यावरून मुलगी बसमध्ये होती एवढंच ठरतं. ती शिकत होती हे नाही."

"बाई," ओपल म्हणाली, "तुमच्या वर्गांत बसलेल्या पोरांबद्दल तुमच्याकडे याहून जास्त काय लिहिलेलं आहे?"

परीक्षेचा अर्ज मिसेस फेंटन यांनी त्याच दुपारी भरला.

मे महिन्याचे गुण शाळेच्या दप्तरी आहेत: रसायन अठ्ठ्याऐंशी, इंग्रजी एकोणऐंशी, गणित एकाहत्तर, नागरिकशास्त्र सत्तर, इतिहास एक्केचाळीस, म्हणजे तिथल्या हिशोबानं नापास. इतिहास मार्लीनं उन्हाळी वर्गात पुन्हा दिला, साध्या बाकावर बसून, आणि ऑगस्टमध्ये नर्सिंगला गेली. ओपलला लेखी ताकीद मिळाली आणि दोन आठवडे बस हातातून काढून घेतली. बर्लला आता तक्ते वाचावे लागतात. "ही कसली शिक्षा!" असं तो अजूनही म्हणतो.

रसायनातल्या अठ्ठ्याऐंशीपैकी किती लँटर्नचे, किती मिसेस ओर्टेगांचे आणि किती सरकारी वाचनालयाच्या भिंतीचे, हे वेगळं काढता आलेलं नाही. लँटर्नच्या नोंदी कुणाकडे गेल्या याचा शोध लागलेला नाही. त्या गुरुवारी तिच्या पटावर आणखी किती मुलं होती, आणि त्यांतल्या कुणासाठी रोज कुणी कागद भरत होतं का, तेही अद्याप माहीत नाही.