पुलाचं तिसरं भोक

नरखेडहून आलेल्या एसटीचा कंडक्टर शहरातल्या नंदनवन वस्तीत माझ्या खोलीवर निरोप घेऊन आला, "दौलतमामा गेले. पुलाखाली पडले." आईचे हे चुलतभाऊ, हाडाचे पाथरवट. महिना झाला, तरी ते वाक्य कानातून जात नाही...

गावाबाहेरचा दगडी पूल मामांच्या वडिलांनी आणि भावकीनं बांधला. बेलफळाचा गर घालून चुना मळला, लाकडी साच्यावर कमान रचली. साचा काढताना दगड बसवणाऱ्यांनीच खाली उभं राहायचं, अशी रीत. वडील उभे राहिले, चार वर्षांच्या मामांना पोटाशी धरून. "बाप कापत होता," मामा हसून सांगायचे, "मले वाटे, त्याले थंडी वाजून राहिली."

गेल्या वर्षी दुरुस्तीवाल्यांनी पुलाला सिमेंट थापलं आणि आत मुरलेलं पाणी बाहेर सोडणारी तिन्ही भोकं बुजवली. पाणी कोंडलं की भिंत फुगते, मग कमान जाते. वरून शाळेची पोरं जातात. मामा मला म्हणाले, "अर्ज लिहून दे गा. तीन भोकं खोला, बस."

मी पत्रक लिहिलं. पुलावरच्या पाटीवर तेव्हाच्या साहेबाचं नाव आहे, दगड वाहणाऱ्यांचं एकही का नाही? दोन पानं आग. भोकं शेवटच्या ओळीत. मामांना वाचून दाखवलं.

"नावं कोरशीन बापू, पन भोकं काहून मांगं टाकले?"

"मामा, आधी न्याय!"

"पानी थांबते का गा तुह्या न्यायासाठी?"

कचेरीतला साहेब पत्रकावर भडकला. आधी माफी लिहून आणा, म्हणाला. मी नाही लिहिली. मामांनी साधा अर्ज पुन्हा मागितला. झुकायचं नाही, असं मी त्यांना बजावलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. छन्नी तेवढी येत होती. सत्तरी ओलांडलेला माणूस एकटाच शिडीवर चढला. दोन भोकं खोलली. तिसऱ्यापाशी शिडी सरकली...

पत्रकातली मागणी मला आजही खरी वाटते. म्हणूनच स्वतःला माफ करता येत नाही.

मामींनी छन्नी माझ्या हातात ठेवली. परवा कमानीखाली उभा राहिलो, मामांचे वडील उभे होते तिथंच. दोन भोकांतून पाणी ठिबकत होतं. तिसरं कोरडं, आणि त्याच्या वरची भिंत फुगलेली. शिडी लावून चढलो, छन्नी टेकवली. वरून पोरांचे पाय वाजत होते. घाव कुठून घालायचा, हे मामांना कधी विचारलंच नव्हतं.