दादांना बावखलात चालायचंय

मंडळी, आज आमचे दादा चालले! दादा म्हणजे माझे वडील. लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा पाय उचलतच नव्हता. आज फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी त्यांना तरणतलावात छातीभर पाण्यात उभं केलं. पाण्यानं अंगाचा भार पेलला आणि पाऊल पुढे पडलं.

खुशीत मला म्हणाले, "एवढं लांब कशाला यायचं? आपल्या बावखलात चालीन की रोज."

बावखल म्हणजे होळी गावातल्या आमच्या वाडीचं तळं. दादांनीच भराव टाकून बुजवलं, गाड्या लावायला. झटक्यानंतर तेवढंच विसरलेत.

मी आपलं "बरं" म्हणालो. घरी येऊन गाडी नेहमीच्या जागी लावली. दादा काच खाली करून बघत राहिले.

"पानी कुठंय रे?"

आपण त्याच्यावरच उभे आहोत, हे त्यांना कसं सांगू?