रिकामं ताट

नातवाचा स्वेटर काढायला ट्रंक उघडली, आणि लोकर नि डांबराच्या गोळ्यांच्या वासानं मला थेट अलिबागच्या त्या लोकरीच्या दुकानात नेलं. दुकानदारीण काकू दुपारी तिथे विणकाम शिकवायच्या. आळीतल्या बायकांचा तो अड्डाच झाला होता. मी पुण्याला कॉलेजात जाणार, तिकडे थंडी, म्हणून दारोदार मासळी विकणारी माझी आईही सुया घेऊन बसली.

काकूंनी तिच्या हातातला गुंडा काढून घेतला. "अगो, म्हावऱ्याचा वास लागेल लोकरीला. तू आपली पायरीवर बसून बघ."

बायका हसल्या. आई उठून पायरीवर जाऊन बसली. तेव्हा मला तिचाच राग आला.

दुसऱ्या सकाळी ती टोपली घेऊन त्याच आळीत गेली. पापलेटं ताजी होती. हसलेल्या बायकांनाही तिनं दिली. काकू ताट घेऊन पुढे आल्या, तशी तिनं टोपली झाकली.

"घराला वास लागंल, काकू. तुमी भाजी खावा."

पुढे एकदाही तिनं त्या दारात टोपली उतरवली नाही.

मी बी.ए. झाले, क्षमेवर निबंध लिहून बक्षीसही मिळवलं. पण काकूंच्या हातातलं ते रिकामं ताट आठवलं, की अजूनही माझं पोट भरतं.