सिस्टरचा अंबाडा
खोबरेल तेलाचा वास आला की मला आमच्या मनोरुग्णांच्या वॉर्डातली एक दुपार आठवते. केजहून एसटीने येणाऱ्या आमच्या सिस्टरचे केस एका रुग्णाने भ्रमात धरून ओढले होते. तेव्हापासून ती वॉर्डात शिरायला घाबरायची, नोकरी सोडते म्हणायची. मग इन्चार्ज बाईंनी सगळ्यांना शिकवायला बाहेरून एक सर बोलावले. केस धरले तर झटका द्यायचा नाही, धरणाऱ्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून शांत बोलायचं, असं त्यांनी सांगितलं. ते करून बघायला सिस्टर उभी राहिली आणि केस धरायला तिने मला, वॉर्डातल्या मावशीला, बोलावलं. मी लाजत तिचा खोबरेल लावलेला अंबाडा धरला. ती म्हणाली, "जोरात धरा मावशी, फुलं खुडताय का तुमी?" सगळ्या हसल्या. मी जोर केला तसा तिने माझा हात दाबला, पण बोलायच्या ऐवजी ती रडायलाच लागली. इन्चार्ज बाई म्हणाल्या, "रडू द्या तिला. आज तिची ड्यूटी मी करते." आणि त्या खरंच चाव्या घेऊन आत गेल्या. सिस्टरने चहा घेतला, डोळे पुसले आणि ती आपणहून त्यांच्या मागे वॉर्डात गेली. आता नव्या सिस्टरांना तीच शिकवते, आणि केस धरायला अजून मलाच हाक मारते.