अडगावच्या लढाईचा पंचनामा

टेबलावर नकाशा पसरून पुठ्ठ्याच्या फौजा लढवायच्या, हा माझा कॉलेजपासूनचा नाद. राजापेठेत माझे गणिताचे क्लासेस होते, त्यामुळे लोकांना वाटायचं की सर बुद्धिबळ खेळत असतील. बुद्धिबळाचा मला मनापासून राग आहे. दोन्ही फौजा सारख्या, मैदान सपाट, ऊन नाही, चिखल नाही, कोणाला तहान लागत नाही. असली लढाई कुठे झाली आहे?

माझे आवडते खेळ तीनच. पहिला वाळवंटातल्या रणगाड्यांचा. तो मुंबईच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला. निम्म्या सोंगट्या गायब होत्या, त्या मी लग्नपत्रिका कापून केल्या, त्यामुळे एका रणगाड्याच्या मागे ‘आग्रहाचे निमंत्रण’ असं छापलेलं आहे. दुसरा जहाजांचा. काड्यापेट्यांची जहाजं, क्लासची फरशी म्हणजे समुद्र, आणि अंतर मोजायला बायकोची शिवणकामाची टेप. बायकोने टेप मागितली की युद्धबंदी व्हायची. तिसरा अडगावचा. तो बाजारात मिळत नाही. आम्ही दोघांनी मिळून केला होता, आणि तिन्हीत तोच माझा सगळ्यात लाडका.

दोघांनी म्हणजे मी आणि माझा कॉलेजचा मित्र. तो दर्यापूर तालुक्यात तलाठी होता. त्याचं आजोळ तिकडे अकोला जिल्ह्यात, अडगावजवळ. तिथल्या रानात दोनशे वर्षांपूर्वी मराठे आणि इंग्रज लढले होते. लढाई आपण हरलो, हे पुस्तकात वाचून मला माहीत होतं. त्याला ते रान पायाखालचं माहीत होतं. नकाशा त्यानेच काढला, नाले, पांदण, गावठाण सगळं जागच्या जागी. नियमही त्याचेच चालायचे. “ज्वारी उभी असन तं घोड्यावरचा मानूस दिसत नाही,” असं म्हणून त्याने ज्वारीतल्या सोंगट्या पालथ्या ठेवायला लावल्या. मग त्या पालथ्या सोंगट्यांतून त्याचं घोडदळ कुठूनही निघायचं आणि माझ्या तोफा घेऊन जायचं. तो नेहमी मराठे घ्यायचा आणि नेहमी जिंकायचा. इंग्रज होऊन इतक्या वेळा हरलेला माणूस वऱ्हाडात दुसरा नसेल.

हरणाऱ्याला एक शिक्षा होती. त्याने लढाईचा पंचनामा लिहायचा, तलाठ्याच्या अस्सल भाषेत, विद्यार्थ्यांच्या चाचणी परीक्षेच्या कोऱ्या पाठीवर. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, नाल्याच्या पूर्वेस इंग्रजांची एक पलटण मयत स्थितीत आढळली, अंगावर लाल कोट, खिशात काही नाही.’ मग तो पंचनामा एस.टी. स्टँडवरच्या घोषणेच्या सुरात मोठ्याने वाचायचा. मी वाचायला लागलो की मित्र हसून हसून बाकावर आडवा व्हायचा. मला त्या लिखाणाचा गर्व होता. सगळे पंचनामे मी नीट फाईलला लावून ठेवत असे.

मग ती वर्षं आली. कापसाच्या गावांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या रोज पेपरात यायला लागल्या. अशा प्रत्येक घरी चौकशीचा कागद घेऊन तलाठ्याला जावं लागतं, हे मला माहीत होतं. माझा मित्र तलाठी आहे, हेही माहीत होतं. ही दोन वाक्यं मी कधी एकाशेजारी एक ठेवली नाहीत, आणि गणिताच्या मास्तराला हे शोभत नाही. तो रविवारी यायचा, कमी बोलायचा, मी सोंगट्या मांडायचो. मला वाटायचं, खेळात त्याचं मन रमतं.

एका रविवारी तो दारातच म्हणाला, “आज नको खेळू बे. नुसतंच बसू.”

“सकाळपासून मांडून ठेवलं मी,” मी म्हणालो. “आता काहून मोडू?”

तो बसला. फासे टाकत राहिला, पण नकाशाकडे त्याचं लक्ष नव्हतं. दुपारी तीनपर्यंत त्याची डावी बाजू साफ झाली. अडगाव मी पहिल्यांदा जिंकलो होतो आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी चाचणीचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

“लिहा, तलाठी साहेब.”

“राहू दे ना. तूच लिही.”

“नियम म्हणजे नियम. इतकी वर्षं मी लिहून राहिलो, तवा तुले दया आली का?”

त्याने पेन घेतलं. बराच वेळ लिहीत होता. लांबलचक लिहितोय म्हणून मी खूश होतो. कागद हातात आल्यावर मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि नेहमीच्या सुरात वाचायला लागलो. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, घर दोन खोल्यांचे, दार उत्तरेस. ओसरीत खाट एक. खाटेखाली नवी चप्पल, न वापरलेली. मयताच्या आईने आम्हा सर्वांस पाणी दिले. तिने विचारले, साहेब जेवून आले का.’

भानावर यायला मला इतक्या ओळी लागल्या. शेवटची ओळसुद्धा मी स्टँडवरच्या सुरातच वाचली, आणि मग मला कळलं की मी काय वाचतोय. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने चपला घातल्या, “जीप निघन,” म्हणाला आणि गेला.

मला लाज वाटली, हे खरं. पण तेवढंच सांगितलं तर खोटं होईल. मला रागही आला. त्याने मला माझ्याच घरी थोबाडीत दिली, असं वाटलं. तोंडाने बोलायचं होतं, असं लिहून कशाला दाखवायचं? मी तो कागद टराटरा फाडला आणि केराच्या टोपलीत टाकला. पुढच्या रविवारी तो आला नाही. मी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. वर्षभराने कोणीतरी सांगितलं की त्याने बदली मागून घेतली आणि तो बार्शीटाकळीला गेला.

तीन वर्षांनी मी गेलो. अकोल्याहून बार्शीटाकळीच्या बसमध्ये खिडकीशी बसून माफीची वाक्यं मनात घोकत होतो, पोरं सूत्रं घोकतात तशी. त्याने दार उघडलं. केस पांढरे झाले होते. त्याने मला आत बसवलं, पाणी दिलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच बोलला.

“तवापासून येववलंच नाही रे. सोंगटी मेली का मले घरं दिसायची. तुले वाटलं असन, रागावला म्हणून. राग कायचा बे?”

मी पाण्याचा पेला उचलला.

“तो कागद हाय ना तुह्याजवळ?” त्याने विचारलं.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

“हापिसच्या फॉर्मात रकाने असतात,” तो म्हणाला. “त्या मायनं पाणी देल्लं, जेवले का म्हणून इचारलं, हे कोनत्या रकान्यात लिवू? कुठीच बसत नव्हतं. घरी कोनाले सांगवत नव्हतं. तू कागद देल्ला म्हणून लिवलं. तू सारे कागद फाईलीत लावतं, मले मालूम होतं. माह्याजवळ त्याची नक्कल नाही. आता तं मलेही पुरतं आठवत नाही. जपून ठेवजो.”

“हो,” मी म्हणालो. “फाईलीतच आहे.”

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्याने आत हाक मारून सांगितलं की पाहुणे जेवूनच जातील.